कच्चा कागद: ‘माहिती पुरेशी आहे का?’ या प्रश्नांचं एक प्रकरण

कागदावर सगळ्यांत वर, चौकट करून, खाली दोन रेघा ओढून लिहिलं होतं: आई ४२, मुलगी १८. चौकटीखाली पडताळाही होता: सहा वर्षांपूर्वी ३६ आणि १२, तिप्पट, बरोबर. अक्षर सुबक, एकही खाडाखोड नाही. या एका प्रश्नाला तिला एक मिनिट पन्नास सेकंद लागले होते. आणि आईचं वय काढून दाखवा, असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी पुण्यात शास्त्री रोडजवळच्या एका अभ्यासिकेत संध्याकाळी बुद्धिमापन आणि अंकगणिताचे तास घेतो. हे प्रकरण तिथल्या एका विद्यार्थिनीचं. सांगोल्याकडची, घरी डाळिंबाची बाग, गणित घेऊन बी.एस्सी. झालेली. बँकेच्या पीओची (परिविक्षाधीन अधिकारी) तयारी मुख्य, जोडीला राज्यसेवेचा फॉर्म. नाव लिहीत नाही. लिहू नका असं तिनंच सांगितलंय. पण तिचे कच्चे कागद वापरायला तिची ना नव्हती. उलट ती म्हणाली, “लिहा सर, माझ्यासारखी अजून बरीच असतील.”

तक्रार साधी होती. अंकगणितात ती अभ्यासिकेतल्या पहिल्या तिघांत. पण मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, ‘डेटा सफिशियन्सी’ आली की गाडी चिखलात रुतायची. वेळही जायचा आणि गुणही. तिचा स्वतःचा निष्कर्ष असा की आपला सराव कमी पडतोय. तिनं दोन महिन्यांत या प्रकाराची दोन पुस्तकं संपवली होती. गुण होते तिथेच.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक प्रश्न असतो आणि त्याखाली दोन विधानं. प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसतं. ते उत्तर ठरवायला पहिलं विधान एकटं पुरतं का, दुसरं एकटं पुरतं का, दोन्ही मिळून पुरतात का, की दोन्ही मिळूनही पुरत नाहीत, एवढंच सांगायचं. मराठी पुस्तकांत याला ‘माहितीची पर्याप्तता’ म्हणतात, अभ्यासिकेत सगळे ‘डीएस’ म्हणतात. बँकांच्या मुख्य परीक्षेत हा प्रकार मुरलेला आहे, केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या सीसॅटमध्ये (पूर्व परीक्षेतला कलचाचणीचा पेपर) अलीकडच्या वर्षांत तो ठळकपणे दिसतो, आणि परदेशी एमबीएला जाणाऱ्यांच्या जीमॅटमध्ये तर तो जुना पाहुणा आहे; २०२३ च्या नव्या रचनेत त्याची फक्त खोली बदलली, गणितातून उठून ‘डेटा इनसाइट्स’ या भागात गेला.

पहिल्या संध्याकाळी मी तिला दहा प्रश्न दिले. वेळ १५ मिनिटं, चुकीला पाव गुण वजा. फोनवर घड्याळ लावून शेजारी बसलो. तिला म्हटलं, उत्तरं कुठं खूण करतेस त्याच्याशी मला देणं-घेणं नाही, कच्चा कागद मात्र मला हवा. निकाल: तीन बरोबर, पाच चूक, दोन सोडलेले. एकूण १.७५ गुण. कच्चं काम पाठपोट दीड पान.

त्या दीड पानात सगळं होतं.

आईच्या वयाचा प्रश्न तिच्या बरोबर आलेल्या तिघांतला एक. विधान पहिलं: आई मुलीपेक्षा २४ वर्षांनी मोठी आहे. विधान दुसरं: ६ वर्षांपूर्वी आईचे वय मुलीच्या वयाच्या तिप्पट होते. पहिल्यात फरक कळतो, वय नाही. दुसऱ्यात पट कळते, वय नाही. दोन्ही मिळून दोन अज्ञातं आणि दोन वेगळी सरळ समीकरणं. इथं पेन खाली ठेवायचं, ‘दोन्ही मिळून’ला खूण करायची आणि पुढं जायचं. २५ सेकंदांचं काम. ती मात्र थांबली नाही. किंमत काढली, पडताळा घेतला, चौकट केली.

“अगं, ४२ आलं म्हणून तुला काय मिळालं?”

“उत्तर तर आलं की, सर.”

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं, कारण पूर्ण प्रकरण त्यात आहे. शाळेत पाचवीपासून आपण मुलांना शिकवतो की उत्तर आल्याशिवाय गणित संपत नाही, पायऱ्या लिहा, पडताळा घ्या. गुणही त्याचेच. ज्याच्या अंगी ही शिस्त जितकी मुरलेली, तितका तो इथं जास्त अडकतो. अभ्यासिकेतली गणिताला घाबरणारी काही मुलं डीएसमध्ये तिच्यापेक्षा पुढं होती. त्यांना उत्तर काढायचा मोह नव्हता, कारण काढता येईल याची खात्रीच नव्हती! तिच्या वाटेत तिचं चांगलं गणितच आडवं येत होतं. दोन पुस्तकं संपवताना तिनं तीच सवय आणखी घट्ट केली होती: प्रत्येक प्रश्न शेवटापर्यंत सोडवायचा.

पण वेळ जाणं हा दुखण्याचा वरवरचा भाग. पाच चुका का झाल्या?

पहिली चूक. क्ष ही १ पेक्षा मोठी पूर्ण संख्या आहे. क्ष मूळ संख्या आहे का? विधान पहिलं: क्ष ला ६ ने भागल्यास बाकी ४ उरते. विधान दुसरं: क्ष दोन अंकी आहे. कागदावर तिनं लिहिलं होतं ४, १०, १६, २२. शेजारी ‘सगळ्या सम, मूळ नाही’. अचूक. आणि खूण ‘दोन्ही मिळूनही अपुरी’ला. का? तर उत्तर ‘नाही’ आलं म्हणून. तिच्या डोक्यात ‘नाही’ आणि ‘सांगता येत नाही’ यांची गल्लत झाली होती. हे ऐकायला हास्यास्पद वाटतं, पण मी दरवर्षी निम्म्या वर्गात पाहतो. ठाम ‘नाही’ हे ठाम ‘हो’इतकंच पक्कं उत्तर आहे. पहिलं विधान एकटं पुरेसं.

दुसरी चूक रांगेची, आणि माझ्या मते या संचातली सर्वांत शिकवणारी. अ, ब, क, ड, इ असे पाच जण उत्तरेकडे तोंड करून एका रांगेत बसले आहेत. मधोमध कोण? विधान पहिलं: ब आणि ड दोन टोकांना आहेत, अ आणि इ एकमेकांशेजारी नाहीत. विधान दुसरं: ब डाव्या टोकाला आहे आणि क हा अ च्या लगेच उजवीकडे आहे.

तिनं पहिल्या विधानावरून मांडणी करायला घेतली. ब डावीकडे की उजवीकडे, कळेना. अ आधी की इ आधी, कळेना. चार मांडण्या निघाल्या. चारही तिनं एकाखाली एक लिहिल्या होत्या, आणि पुढं ‘अपुरे’ असा शेरा. मग दुसरं विधान जोडून एकच मांडणी काढली, ब अ क इ ड, आणि ‘दोन्ही मिळून’. मी तिच्याच चार ओळींवर, तिसऱ्या जागेवरून, पेन्सिलीनं उभी रेघ मारली. चारही ओळींत रेघ क वरून गेली.

ती बराच वेळ कागदाकडं बघत राहिली. मग, “मांडण्या चार आहेत, पण…”

“पण विचारलंय काय?”

टोकं ब आणि ड यांनी अडवली, मधल्या तीन जागा अ, क, इ यांच्या, आणि अ-इ शेजारी नकोत म्हणजे मध्ये क आलाच. बाकीची रांग कशीही असो, तिचं आपल्याला काय? हा प्रश्न बनवणाऱ्यांचा आवडता सापळा आहे. दोन्ही विधानं जोडली की चित्र इतकं सुंदर पूर्ण होतं की ‘दोन्ही मिळून’ला खूण करावीशी वाटतेच. पूर्ण चित्र दिसलं की मी तरी आता सावध होतो.

तिसरी चूक याच्या उलट दिशेची. मुलं एका ओळीत उभी आहेत, एकूण किती? विधान पहिलं: ग डावीकडून १२ वी आहे. विधान दुसरं: र उजवीकडून १५ वी आहे आणि ग व र यांच्यामध्ये ४ मुलं आहेत. कागदावर: १२ + ४ + १५ = ३१. खूण: दोन्ही मिळून. आता ग आणि र यांनी जागा ओलांडल्या असतील तर? ओळ २१ जणांची धरा. र उजवीकडून १५ वी म्हणजे डावीकडून ७ वी. ग १२ वी. मध्ये ८, ९, १०, ११, चार मुलं. सगळ्या अटी पाळल्या गेल्या आणि उत्तर २१. म्हणजे दोन्ही मिळूनही अपुरं.

इथं तिनं शितावरून भाताची परीक्षा केली होती. भाताला ती लागू आहे, कारण एकाच पातेल्यात सगळी शितं सारखी शिजतात. इथं एक उदाहरण जुळलं यानं काहीच सिद्ध होत नाही. उलट, न जुळणारं दुसरं सापडतं का ते शोधायचं असतं.

चौथी चूक अगदी घरगुती. काकांनी दुकान कोणत्या महिन्यात, कोणत्या तारखेला सुरू केले? विधान पहिलं: काकूला आठवते की ते जून महिन्यात, १३ तारखेनंतर आणि १७ च्या आधी. विधान दुसरं: काकांना आठवते की १५ तारखेनंतर आणि १७ च्या आधी. तिची खूण: दुसरे एकटे पुरेसे. तारीख १६, बरोबर. महिना? महिना काकूकडं होता. दुसरं विधान वाचताना पहिल्यातला जून तिच्या डोक्यातून गेलाच नव्हता. कागदावर तिनं ‘१६ जून’ असं लिहिलंही होतं, दुसऱ्या विधानाच्या खाली.

पाचवी चूक चूकच नव्हती, आणि तीच तिला सगळ्यांत लागली. विचार बरोबर, निष्कर्ष बरोबर, पर्यायाचा क्रमांक चुकीचा. तिच्या एका पुस्तकात पर्याय जीमॅटच्या क्रमानं होते: पहिलं एकटं, दुसरं एकटं, दोन्ही मिळून, प्रत्येक एकटं, आणि दोन्ही मिळूनही नाही. बँकेच्या पेपरात रूढ क्रम असा: पहिलं एकटं, दुसरं एकटं, कोणतंही एक एकटं, दोन्ही मिळूनही नाही, दोन्ही मिळून आवश्यक. तिसरा पर्याय एका ठिकाणी ‘दोन्ही मिळून’, दुसऱ्या ठिकाणी ‘कोणतंही एक’. सीसॅटमध्ये तर पर्याय चारच: ‘एक विधान एकटं पुरतं, दुसरं पुरत नाही’ असा एकच पर्याय असतो, कोणतं ते सांगावंच लागत नाही. एकच मुलगी तिन्ही प्रकारचे संच सोडवत होती आणि हात सवयीनं तिसऱ्या गोलाकडं जात होता. यावर काही थोर उपाय नाही. पेपर हातात आला की सूचना वाचायची आणि कच्च्या कागदाच्या कोपऱ्यात क्रम लिहून ठेवायचा. दहा सेकंद.

मग काय केलं ते सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे तिच्याकडून पेन काढून घेतलं. शब्दशः. एक आठवडा रोज दहा प्रश्न, पण तोंडी. तिनं फक्त बोलायचं. आणि बोलायचं तेही असं: “हे विधान पुरेसं नाही, कारण ही घ्या दोन उत्तरं.” किंवा “पुरेसं आहे, दुसरं उत्तर निघू शकत नाही, कारण अमुक.” किंमत सांगितली की तो प्रश्न बाद. आईचं वय ४२ असं म्हटलं की बाद.

दोन उत्तरांची ही सक्ती हा सगळ्या प्रकाराचा कणा आहे असं माझं मत. विधान अपुरं आहे हे सिद्ध करायला तर्कट लागत नाही. विधान पाळणारी दोन जगं दाखवायची, जिथं प्रश्नाचं उत्तर वेगवेगळं येतं. ३१ ची ओळ आणि २१ ची ओळ. खटला संपला. दोन जगं बनवायला जाऊन हात टेकले, म्हणजे दर वेळी एकच उत्तर यायला लागलं, की मग विचारायचं: का? कोणती अट दुसरं जग बनू देत नाही? ती अट सापडली तर विधान पुरेसं.

दुसरी गोष्ट तळहाताची. पहिलं विधान तपासून झालं की त्यावर हात ठेवायचा आणि दुसरं वाचण्याआधी मूळ प्रश्न पुन्हा वाचायचा. मूळ प्रश्न, विधान नव्हे. काकूचा जून असा झाकला जातो. बँकेची परीक्षा संगणकावर असते, पडद्यावर हात ठेवून बसलात तर पर्यवेक्षक येऊन उभा राहील, पण आठवडाभर कागदावर केलं की पुढं डोळ्यांनाच सवय लागते.

तिसरं, कुठून सुरू करायचं. पहिल्या विधानापासूनच सुरुवात करावी असा कुठं नियम नाही. जे विधान लहान, सोपं दिसतं ते आधी. त्याचा निकाल लागला की पाचांतले पर्याय गळतात: एक विधान अपुरं ठरलं तर तीनच उरतात, पुरेसं ठरलं तर दोनच. वेळ संपत आला असेल तर पाचांत अंदाज मारण्यापेक्षा तिघांत किंवा दोघांत मारलेला बरा, पाव गुणाचा दंड धरूनही. सीसॅटला दंड एक तृतीयांश, तिथं जरा हात आखडता.

वेळेचा हिशेब तिच्यासमोर मांडला तेव्हा तिला पटलं. आयबीपीएस ही संस्था घेते त्या बँक पीओच्या पूर्व परीक्षेत तर्कक्षमतेचे ३५ प्रश्न २० मिनिटांत. एकाला ३४ सेकंद. मुख्य परीक्षेत थोडी उसंत असते, पण प्रश्नही तसेच जडभारी. सीसॅटला ८० प्रश्न आणि दोन तास, म्हणजे प्रश्नामागं दीड मिनिट. आईच्या वयाला एक मिनिट पन्नास सेकंद कुठंच परवडत नाहीत.

आठवड्यानं दुसरा संच दिला. दहा प्रश्न, पुन्हा १५ मिनिटं. तिनं आठ मिनिटांत कागद पुढं केला. चेहरा खुललेला. चार बरोबर, पाच चूक, एक सोडलेला. २.७५ गुण.

हे माझ्या हिशेबात नव्हतं. कच्चा कागद जवळजवळ कोरा होता, त्यामुळं चूक शोधायलाही काही नाही. मग तिला प्रत्येक प्रश्न तोंडी परत सांगायला लावला, आणि दोन प्रश्नांवर दोष तिचा नव्हे, माझा निघाला.

एक असा. वडापाव केवढ्याला? विधान पहिलं: २ वडापाव आणि ३ चहा यांचे ७० रुपये होतात. विधान दुसरं: ४ वडापाव आणि ६ चहा यांचे १४० रुपये होतात. ती म्हणाली, दोन अज्ञातं, दोन समीकरणं, पेन खाली. मीच तसं शिकवलं होतं. पण दुसरं विधान हे पहिल्याचीच दुप्पट. नवी माहिती शून्य. वडापाव २० आणि चहा १० धरा, नाहीतर दोन्ही १४-१४ धरा, दोन्ही विधानं खूश. उत्तर: दोन्ही मिळूनही अपुरं. आईच्या वयाच्या वेळी मी ‘दोन वेगळी समीकरणं’ म्हटलं होतं. तिनं ‘दोन’ ऐकलं, ‘वेगळी’ ऐकलं नाही, आणि मीही त्यावर पुरेसा जोर दिला नव्हता.

दुसरा जास्त खोल. दुकानातून काही पेनं आणि काही वह्या घेतल्या, दोन्ही किमान एक तरी. पेनं किती घेतली? विधान पहिलं: पेन १२ रुपयांना, वही ३५ रुपयांना, एकूण बिल १५३ रुपये. विधान दुसरं: एकूण ७ वस्तू घेतल्या. तिचं उत्तर: दोन्ही मिळून. एक समीकरण, दोन अज्ञातं, म्हणून पहिलं अपुरं.

“दोन जगं दाखव,” मी म्हटलं.

“कशाला सर, एकच समीकरण आहे.”

“तरी दाखव.”

तिनं पेन घेतलं. वही एक असेल तर उरले ११८, बाराच्या पाढ्यात नाही. दोन असतील तर ८३, नाही. तीन असतील तर ४८, म्हणजे चार पेनं. चार असतील तर उरले १३, नाही. पाच वह्यांचे तर १७५ होतात, बिलाच्या वर. ती दुसरं जग शोधत होती आणि ते नव्हतं. वही अर्धी मिळत नाही, पेन पाऊण मिळत नाही. ‘किती पेनं’ या शब्दांतच पूर्ण संख्येची अट दडलेली होती आणि तिनं ती वाचली नव्हती, कारण ती विधानात नव्हती. पहिलं विधान एकटं पुरेसं.

मग ती उलट बाजूनं लागली, आणि यात मला तिचं खरं गणित दिसलं. “मग पेन १० आणि वही ३० असती, बिल १५०, तर?” तिनंच उत्तर दिलं: एक वही बारा पेनं, दोन वह्या नऊ पेनं, अपुरं. म्हणजे एक समीकरण पुरतं की नाही हे आकड्यांवर ठरतं. भाव विचारला असेल तर तो साडेसात रुपयेही असू शकतो, नग विचारले असतील तर साडेसात नग नसतात. हा फरक तिनं स्वतः वहीत लिहिला, मी सांगितला नाही.

त्या संध्याकाळी तिनं मला एक प्रश्न विचारला जो मला अजून नीट सोडवता आलेला नाही. “सर, कधी थांबायचं आणि कधी आकडे घालून बघायचं, हे कसं कळणार? तुम्ही आधी म्हणालात सोडवू नको, आता म्हणता सोडव.” खरं आहे. मी तिला जे सांगितलं ते असं: अज्ञात गोष्ट मोजता येणारी असेल, म्हणजे माणसं, नग, नाणी, तर आकडे घालून बघ. वय, भाव, अंतर, वेग असेल तर बहुधा समीकरणांच्या मोजणीवर भागतं. वर्ग आला, म्हणजे क्ष चा वर्ग ४९ असं काही, तर उणे सात विसरू नको. आणि टक्केवारी किंवा गुणोत्तर विचारलं असेल तर रुपये मिळायची वाट बघू नको. हे नियम नाहीत, खुणा आहेत. यांना अपवाद करणारा प्रश्न मी दहा मिनिटांत बनवून देऊ शकतो, आणि परीक्षक तर पाच मिनिटांत.

पुढचे दोन आठवडे पेन परत दिलं, पण कच्च्या कागदाचे दोन रकाने केले. डावीकडं ‘जग १’, उजवीकडं ‘जग २’. मधे काही लिहायचं नाही. आणखी एक सवय लावली: दोन्ही विधानं जोडल्यावर ती एकमेकांना छेद देतायत असं वाटलं, तर आधी स्वतःची आकडेमोड तपासायची. नीट बनवलेल्या प्रश्नात दोन्ही विधानं एकाच परिस्थितीबद्दल खरी असतात. पहिल्यातून वय ३० आणि दुसऱ्यातून ३५ निघालं, तर कुठंतरी बेरीज चुकलीय.

तिसरा संच. वेळ १२ मिनिटं. तिनं साडेअकरा घेतली. माझ्या उत्तरतालिकेप्रमाणं सात बरोबर, दोन चूक, एक सोडलेला. ६.५ गुण.

दोन चुकांतली एक नफ्याची. शेकडा नफा किती? विधान पहिलं: खरेदीची किंमत विक्रीच्या किमतीच्या चार पंचमांश आहे. विधान दुसरं: नफा ६० रुपये झाला. पहिल्यातच २५ टक्के निश्चित आहे, रुपये कितीही असोत. तिनं दोन्ही जोडले. “रुपये दिसले की हात जातो,” ती म्हणाली. खूण सांगूनही हात गेला. तो जाईल अजून काही दिवस.

दुसऱ्या चुकीवर मात्र ती अडून बसली. प्रश्न माझा, मीच बनवलेला. खरं तर एका इंग्रजी संचावरून सुचलेला. प हा म चा कोण? विधान पहिलं: म ची आई ही प च्या वडिलांची एकुलती एक मुलगी आहे. विधान दुसरं: प अविवाहित पुरुष आहे. माझं उत्तर: दोन्ही मिळून. माझा तर्क असा की पहिल्या विधानावरून प पुरुष असेल तर तो म चा मामा, पण प स्त्री असेल तर वडिलांची एकुलती एक मुलगी ती स्वतःच, म्हणजे म ची आई. दोन जगं. मला हा प्रश्न फार आवडत होता.

तिची खूण: पहिले एकटे पुरेसे. आणि तिच्या कागदावर ‘जग २’च्या रकान्यात फक्त एक शब्द होता, गोल करून: ‘हा’.

“सर, तुम्ही लिहिलंय, प ‘हा’ म ‘चा’ कोण. म्हणजे प पुरुष आहे हे प्रश्नातच आलं. दुसरं जग कुठं उरलं?”

मी कागद परत वाचला. मूळ इंग्रजीत हा, ही, चा, ची काही नसतं. तिथं प चं लिंग खरंच झाकलेलं राहतं. मराठीत मी प्रश्न उतरवला आणि पहिल्या दोन शब्दांतच गुपित फोडलं. इतकी वर्षं तो प्रश्न वर्गात देतोय, शेकडो पोरांनी माझंच उत्तर लिहिलं, आणि मी त्यांना गुण दिले. आपल्या भाषेत क्रियापदसुद्धा गप्प बसत नाही; ‘येतो’ म्हटलं की झालं. तेव्हापासून माझे नात्यांचे सगळे प्रश्न मी परत चाळतोय, आणि आणखी तीन सापडलेत.

तिचा संच आठ बरोबर, एक चूक असा दुरुस्त केला. ७.७५. प्रश्नही बदलला: प चे म शी नाते कोणते? दुसऱ्या दिवशी तिला नवा कागद दाखवला. तिनं पहिलं विधान वाचलं, त्यावर तळहात ठेवला, प्रश्न पुन्हा वाचला, मग दुसरं विधान. पेन्सिलीनं ‘अविवाहित’खाली रेघ मारली.

“हे कशाला, सर?”

“उगाच. गोंधळ घालायला.”

“मग असू द्या,” म्हणाली, आणि पुढचा प्रश्न काढला.